मला पुन्हा पळसात जाळू नये

मी, देवीदास सुकाजी हाडोळे, वय त्रेचाळीस, पूर्वी अकोल्याच्या कापसाच्या जिनातील बॉयलरवाला, हल्ली आरमाराच्या विनाशिकेवरील आगवाला, राहणार अंजनगाव सुर्जी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीवर आहे. अक्षर कापते ते भीतीने. दारूचा संशय घेऊ नये. रजा संपली. परवा मुंबईस नव्या बोटीवर हजर व्हायचे आहे, म्हणून ही व्यवस्था. बोटीचे नाव लिहिण्यास सरकारची मनाई आहे. शत्रूच्या पाणबुड्यांना ते बहुधा ठाऊक असावे.

भरतीवाला म्हणाला होता, "बॉयलर तो बॉयलर." खोटे. जिनात बॉयलरच्या खोलीला दार होते. विनाशिकेवर पाणबुडीचा सुगावा लागला की आमच्या डोक्यावरचे झाकण वरून बंद करतात. मग पाण्यात स्फोट होतात. आपले की त्यांचे, खाली कळत नाही. भिंत वाजते आणि आम्ही एकमेकांकडे पाहत नाही.

मालाची जहाजे सांभाळीत एडनकडे जाताना गेल्या साली ती भिंत फुटली. मी वर कसा आलो, मला सांगता येणार नाही. इस्पितळात बेशुद्ध पडून होतो, आणि घरी तार गेली की देवीदास बेपत्ता.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, अशी रीत. थोरले बंधू महादेवराव यांना एक पावसाळाभरही धीर निघाला नाही. पळसाच्या पानांचा देवीदास करून त्यांनी नदीकाठी जाळला आणि माझी पत्नी मैनाबाई हिच्या बांगड्या फोडल्या. मी दारात उभा राहिलो तर म्हणाले, "आता काहून आला बे?"

तेरवी जेवलेल्यांना मेलेला माणूस घरात घेता येईना. भटजींनी माझे बारसे केले, मग मैनाबाईशी पुन्हा लग्न लावले. तानुआत्या मांडवात ओरडली, "नवरदेवाले दात कमी हायेत, पोरी, पाहून घे!" सगळे हसले. मैना हसली नाही. तिच्या मनगटावर काचेचे व्रण होते.

सबब: माझ्या कमाईने घेतलेला पानमळा, विहिरीच्या पाण्यासह, मैनाबाईचा. त्यावर कोणाचा हक्क नाही.

बॉयलरचा मोठा पाना व हातोडा जिनातला सोबती गोवर्धन याला. त्याने भरतीवाल्याशी बोलू नये.

बांधावरची पळसाची दोन झाडे महादेवरावांना. पत्रावळी कराव्या, माणूस करू नये.

पुन्हा तार आली तर कुंकवाचे काय करायचे, ते एकटी मैनाबाई ठरवील. येथे मुदत लिहावी म्हणून तिला विचारले, किती वर्षे लिहू?

ती म्हणाली, "मले वर्सं नाही पायजेत. तुमी जाऊ नका."

हे कलम कायद्याच्या भाषेत कसे घालावे ते मला येत नाही. ती बोलली तसेच ठेवले आहे.

सही: देवीदास सुकाजी हाडोळे
साक्षी: गोवर्धन, सही, तानुबाई, अंगठा
अंजनगाव सुर्जी, २२ फेब्रुवारी १९४३