दोष गोणपाटाचा नव्हता

अण्णा,

तुम्ही गोठ्यात धार काढताय. समोर यायला तोंड नाही, म्हणून नागापूरला कामावर निघताना लिहून ठेवतोय.

काल गाडीतला ॲम्प्लिफायर तापून बंद पडला, तेव्हा धूळ बसू नये म्हणून तुम्ही त्यावर टाकलेलं गोणपाट मी, त्यानंच तो तापला असं समजून, दाजींसमोर भिरकावलं. "कळत नाही तिथं हात घालू नका," म्हणालो. तुम्ही "चुकलं बाबा" म्हणालात आणि जेवला नाहीत.

आज गोणपाट नसतानाही तो दहा मिनिटांत तापला. उघडून पाहिलं, तर अर्थिंगची तार मीच गाडीच्या पत्र्याच्या रंगावर आवळली होती, त्यामुळं ती पत्र्याला नीट टेकलीच नव्हती. त्यात एकच वूफर झेपेल अशा ॲम्प्लिफायरला दोन जोडले होते. रंग खरवडून तार पक्की केली, एक वूफर काढला. आता अर्धा तास वाजवूनही त्यावर हात ठेवता येतो.

दाजींना फोन करून चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगतो? काल मी निघताना अण्णा म्हनत हुते, पोरानं लई हौसेनं बसवलं हुतं, माझ्यामुळं बिघडलं."

संध्याकाळी समोर बसून माफी मागतो. तुमच्या सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, भाकरी झाकून ठेवलीय, तेवढी खाऊन घ्या.

श्रीमंत