इंधन अधिभार

माय, आज विजेचं बिल आलं आणि तुझी आठवण झाली. तू म्हणशील, माझा न् बिलाचा काय संबंध? आपल्या घरात एकच बल्ब होता आणि तोही तू पाहुणे आले तरच लावायचीस. पण हिवाळ्यातलं बिल हातात पडलं की माझं डोकं तापतं, आणि मंग तुझ्याशिवाय कोणाशी बोलावं ते सुचत न्हाई. आमचे हे म्हणतात, भर न् मोकळी हो. बियाण्याच्या कंपनीत जन्मभर मान खाली घालून हिशेब लिहिलेला माणूस, दुसरं काय म्हणणार. मी भरते, पण मोकळी होत न्हाई.

तुला समजावून सांगते. बिलात एक असतो स्थिर आकार. म्हणजे लाइट असो नसो, तेवढे द्यायचेच. भारनियमनात तासन्‌तास अंधारात बसा, डास मारा, पण आकार बिलकुल हलत न्हाई. दुसरा असतो इंधन अधिभार. कंपनीला कोळसा महाग पडला, तर तो फरक आपण भरून द्यायचा. बरं, देऊ. पण त्याच महिन्यात पेपरात बातमी असते, कंपनीला नफा झाला, आणि फोटोत साहेब लोक एकमेकांना पेढे भरवून राह्यलेत. खर्चा वाढला तर माझा, नफा झाला तर त्यांचा. असल्या भागीदाराला तू अंगणात तरी उभं केलं असतंस का?

मागं एकदा तुझी नात बाळंतपणाला आल्ती. आम्ही तेव्हाही इथंच होतो, नवीन जालन्यात, दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं. पौषाची थंडी. मीटर वाचणारा घरी फिरकलाच न्हाई, आणि सरासरी म्हणून भलतंच बिल पाठवलं. मी म्हटलं, जेवढी वापरली तेवढीच भरीन. तर त्यांनी लाइन कापली. गीझर बंद. नोंदवलेलं सिलिंडर येईना, आणि घरातलं होतं ते आमचे हे रोज उचलून हलवून बघायचे. तशात लेकीच्या सासूबाईंचा औरंगाबादेहून फोन आला. "तिथं बाळंतिणीला गरम पाणी मिळत नसंल, तर परवा गाडी पाठवतो." लेकीनं बाळाला पदराखाली घेऊन भिंतीकडं तोंड केलं. तिकडं गेली की चौथ्या दिवशी ओट्याशी उभी राहील, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. सव्वा महिना तिला माझ्याकडं ठेवायची, एवढंच मला पाहिजे होतं.

त्या रात्री मला आपलं घर दिसलं. साल एक्क्याऐंशी, ही लेक नुकती झालेली. तू पहाटे न्हाणीजवळच्या चुलीपुढं बसलीयस, कापसाच्या पऱ्हाट्या मोडून मोडून आत सारतीयस, डोळ्यांतून पाणी वाहून राह्यलंय. परसातला ढीग संपत आलाय आणि बाबा येता-जाता त्याच्याकडं बघतायत. मी म्हणते, "माय, दिवसाआड न्हाले तर न्हाई चालणार?" तू वळूनसुद्धा बघत न्हाईस. "बाळंतिणीनं जळणाचा हिशेब करू न्हाई. तुझं काम न्हायचं, माझं काम तापवायचं. जास्त शहाणपणा करू नको." पऱ्हाट्या संपल्या तेव्हा तू मोडक्या बाजेचे पाय चुलीत घातलेस, बाबांना न विचारता. बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले न्हाईत. तू म्हणालीस, बरं झालं, कानाला आराम.

मंग मी काय केलं ऐक. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला आलेल्या भावाला निरोप दिला, त्यानं एसटीच्या टपावर पऱ्हाट्यांचा भारा टाकून दिला. घरात चूल मांडता येत न्हाई, धूर सरळ बाळाच्या खोलीत जातो. मी माळ्यावरचा पितळी बंब काढला, रिक्षात घातला आणि वीज कंपनीच्या ऑफिसाच्या फाटकाशी उतरवला. रिक्षावाला विचारतो, "मावशी, कार्यक्रम हाय का काही?" म्हटलं, हाय. इतक्या तावात गेल्ते की पाणी न्यायचंच विसरले. कोरडा बंब कसा पेटवणार? वॉचमनकडं बादली मागितली. त्यानं बिचाऱ्यानं ऑफिसच्याच नळाची भरून दिली. पाणी कंपनीचं, जळण माझं.

धूर वर खिडकीत गेला तसे साहेब खाली आले. पोरसवदा होते, बोलायला सभ्य. "मावशी, हे काय करून राह्यल्या?"

"पाणी तापवून राह्यले. लेक बाळंतीण हाय, लाइन तुम्ही कापली."

"मंग घरी तापवा ना."

"घरी धूर लेकराच्या नाकात जातो. इथं तुमच्या जाईल. लाइन येईस्तोवर रोज येणार. आणि साहेब, तुमचा कोळसा महागला की मी अधिभार भरते. माझ्या पऱ्हाट्या महागल्या, त्याचा अधिभार कोणत्या खिडकीवर मिळतो?"

बिलाच्या रांगेतली माणसं हसायला लागली. मारवाडी गल्लीतले एक म्हातारे शेठजी रांग सोडून पुढं आले आणि म्हणाले, "बराबर बोलली बाई. सांगा की, कोणती खिडकी?" साहेबांचे कान लाल झाले. जल्दी वायरमन पाठवतो म्हणाले, आणि पाठवलाही. मीटर वाचलं, बिल निम्म्याच्या खाली आलं, दिवेलागणीला लाइट आले. सासूबाईंना मी स्वतः फोन केला, म्हटलं, गाडीचं पेट्रोल वाचवा. लेक पुरा सव्वा महिना राहिली. रोज दोन वेळा कढत पाण्यानं न्हाली, एक दिवस चुकला न्हाई. अधिभार अजूनही लागतोच, आणि मी अजूनही दर महिन्याला खिडकीवर तोच प्रश्न विचारते. आतली बाई आता मला बघितलं की आधीच मान हलवते. हलवू दे. जोवर ते मागतील तोवर मी विचारीन.

हा कागद काही कुठं जायचा न्हाई, म्हणून एक सांगते. लेकीसाठी मी कंपनीच्या दारात धूर केला, पण स्वतःसाठी गीझरचं बटण दाबायला माझा हात अजून धजत न्हाई. ह्यांची बादली काढून देते आणि मी गारच घेते. ह्यांनी विचारलं तर सांगते, मला गारच पाणी आवडतं. तूही हेच म्हणायचीस, पौषात, दात वाजत असताना. आणि माय, मी ते खरं मानलं होतं.