वरच्या मजल्यावर पाठवलेल्या पार्सलच्या टपालखर्चाबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
टपालखर्च विवाद कक्ष,
जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार,
मुख्य कार्यालय.

विषय : एकाच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पाठवलेल्या पार्सलचा टपालखर्च वाजवी होता किंवा कसे, याबाबत खुलासा आणि संयुक्त वजन-तपासणीचा आदेश मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १२ फेब्रुवारी.
२) खरेदीदाराच्या तीन तक्रारी. (तिसरी तक्रार दोन पानी आहे.)

महोदय,

संदर्भ क्र. १ अन्वये आपण माझ्यावर दोन ठपके ठेवले आहेत. पहिला, अवाजवी टपालखर्च आकारल्याचा; दुसरा, पार्सलमध्ये न मागवलेल्या वस्तू घातल्याचा. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास माझे विक्रेता-खाते कायमचे बंद होईल, असेही आपण कळवले आहे. दुसरा ठपका मला मान्य आहे. पहिला खरा असू शकतो, खोटाही असू शकतो; आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून ते आपल्याला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे निदेशक होतो. न मोजलेल्या गोष्टीखाली सही करण्याची सवय मला लागली नाही, आणि आता या वयात लागेल असे वाटत नाही. सबब खालील खुलासा सादर आहे.

१. खरेदीदार हा माझा सख्खा थोरला भाऊ असून तो माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या दोन दारांमध्ये वीस पायऱ्या आहेत. उभे अंतर ३.१ मीटर भरते; ते मी टेपने स्वतः मोजले आहे.

२. आमचे वडील तराजू दुरुस्त करीत. त्यांच्या पश्चात दुकानातील दोनच वस्तू मोलाच्या उरल्या : काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा तराजू आणि आठ पितळी वजनांची लाकडी पेटी. वडिलांनी मरणापूर्वी तराजू थोरल्याला आणि वजने धाकट्याला दिली. वाटणी अगदी समान झाली, म्हणजे दोघांच्याही हाती काहीच उपयोगाचे आले नाही. वडिलांना हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही; त्यांचा सगळा जन्म या दोन वस्तू एकत्र ठेवण्यातच गेला होता.

३. वाटणी झाली त्या दिवशी खरेदीदाराने माझ्याकडे पेटी मागितली. मी म्हणालो, "हवी असेल तर विकत घे." तो म्हणाला, "घेईन, पण बाजारातून घेईन. तुझ्या दारात उभा राहणार नाही." यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर जो खाली उतरत असेल त्याने भिंतीकडे पाहायचे, एवढा नियम मात्र कोणी न ठरवता पाळला गेला. मागील नोव्हेंबरात मी ती पेटी आपल्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवली. दुसऱ्याच दिवशी खरेदीदार नोंदला गेला. मी विकत होतो आणि तो बाजारातून घेत होता. आमची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी ठरवून देणारी दुसरी कोणतीही संस्था माझ्या माहितीत नाही. हे खाते बंद होण्याने माझे काय जाणार आहे, ते आपल्या लक्षात यावे म्हणून एवढे लिहिले.

४. पेटी एकत्र न विकता एकेक वजन सुटे का विकले, अशी विचारणा नोटिशीत आहे. पेटी एकत्र विकली असती तर व्यवहार एका दिवसात संपला असता. याहून अधिक शास्त्रीय कारण माझ्याकडे नाही. खरेदीदाराने यास कधी हरकत घेतली नाही, हेही नोंदवावे. दर पंधरा दिवसांनी एक, याप्रमाणे आजवर सात वजने गेली : पाचशे, दोनशे, शंभराची दोन, पन्नास आणि विसाची दोन.

५. खर्चाविषयी. आपल्या नियम क्र. १४ नुसार विक्रेत्याने खरेदीदारास वस्तू प्रत्यक्ष हातात देण्यास मनाई आहे. त्यामुळे प्रत्येक पार्सल माझ्या दारातून निघून एकशे अठरा किलोमीटरवरील वर्गवारी केंद्रात जाते, तेथे एक रात्र राहते, आणि तितकेच अंतर परत येऊन चौथ्या दिवशी माझ्याच दारावरून वर जाते. पार्सल घेऊन जाणारे गृहस्थ पहिल्या दोन वेळा काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही पत्ते पुन्हा वाचले आणि मला विचारले, "काका, मी आत्ताच वर देऊन येऊ का? कुणाला कळणार नाही." मी नियम दाखवून नकार दिला. अंतर दोनशे छत्तीस किलोमीटर आणि विस्थापन ३.१ मीटर, यांपैकी खर्च कशावर आकारावा हा प्रश्न मी अकरावीच्या मुलांना आनंदाने घातला असता. मात्र ही आकारणी मी ठरवलेली नाही. ती आपली आहे, आणि माझी तक्रारही नाही.

६. न मागवलेल्या वस्तूंविषयी. आपला दर पाचशे ग्रॅमपर्यंत एकच आहे. वीस ग्रॅमच्या वजनालाही खरेदीदाराला पाचशे ग्रॅमचेच पैसे पडतात. म्हणजे वेष्टन वगळता सुमारे चारशे ग्रॅम जागेचे पैसे त्याने भरलेले असतात आणि ती जागा रिकामी जाते. हा अन्याय आहे. तो दूर करावा म्हणून मी उरलेल्या जागेत त्याच्या उपयोगाच्या वस्तू भरू लागलो. सहाव्या पार्सलमध्ये माझ्या पत्नीने तिच्या जावेसाठी विणलेले लोकरी पायमोजे घातले. लोकर दुहेरी होती. दोन्ही मोज्यांसह वजन ५४० ग्रॅम भरले. पाचशेच्या वर गेल्यास खरेदीदाराला पुढील टप्प्याचा दर पडला असता. त्याचे नुकसान होऊ नये म्हणून मी डावा मोजा काढून घेतला.

या काटकसरीचे जे स्वागत झाले ते परिशिष्टात आहेच, तरी थोडक्यात सांगतो. दोघी जावा रोज गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटतात. त्यांचे भांडण कधीच नव्हते. वहिनी तेथे म्हणाल्या, "एकच मोजा? माझा दुसरा पाय काय तुमच्याकडे ठेवलाय का गं?" त्याच दिवशी खरेदीदाराने विसाचे दुसरे वजन मागवले. पंधरा दिवस पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते.

७. वादाचे पार्सल ते हेच, सातवे. त्यात विसाचे वजन, डावा मोजा आणि एक पाना होता. हा पाना खरेदीदाराचा असून अकरा वर्षांपूर्वी नळ दुरुस्त करण्यासाठी मी तो आणला होता. माझ्या स्वयंपाकघरातील काट्यावर पार्सल ५१२ ग्रॅम भरले. मोजा अर्धा पाठवता येत नाही, आणि पानाही अर्धा पाठवता येत नाही. या खेपेस काही कमी करायचे नाही, अशी घरातून सक्त ताकीद होती. ("आता काय उन्हाळ्यात पाठवणार?") म्हणून पुढील टप्प्याचा दर लागू झाला आणि फरक खरेदीदारास भरावा लागला.

खरेदीदाराची तिसरी तक्रार अशी, शब्दशः : "मी वीस ग्रॅम मागवले. यांनी माझाच पाना मला विकल्यासारखा पाठवला आणि वर त्याचे टपाल माझ्याकडून घेतले. पाना अकरा वर्षे वापरल्याचे भाडे कोण देणार? शिवाय पार्सल पाचशेच्या आत आहे. मी वडिलांच्या तराजूवर एका पारड्यात पाचशेचे वजन ठेवले, दुसऱ्यात पार्सल. पार्सलचे पारडे वरच राहिले. आणि टेप कमी लावायला सांगा, उघडता उघडता कात्री बोथट झाली." पाना ज्याचा, त्याच्या वाहतुकीचा खर्चही त्याचाच, असे माझे मत आहे, परंतु त्यावर मी हट्ट धरत नाही. टेपबद्दलचा आरोप खरा आहे.

८. आता मुख्य मुद्दा. माझा काटा पार्सल पाचशेच्या वर सांगतो. तराजू पाचशेच्या वजनाहून हलके सांगतो. दोन्ही बरोबर असायचे, तर पाचशेचे वजन पाचशेचे नसले पाहिजे, बारा ग्रॅमहून अधिक जड असले पाहिजे. हे अशक्य नाही, आणि ते का अशक्य नाही हे सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे. मी नऊ वर्षांचा असताना ते वजन दुकानाच्या फरशीवर पडले आणि त्याची मूठ तुटली. वडिलांनी भोक पाडून शिसे ओतले आणि नवी मूठ बसवली. शिसे किती ओतले याची नोंद नाही. विक्रीस ठेवण्यापूर्वी मी ते स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून पाहायला हवे होते. पाहिले नाही. वडिलांच्या वजनाची परीक्षा कांदे-बटाटे मोजायच्या काट्याने घ्यावी, हे मला जमले नाही. ही चूक माझी, आणि प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला तास संपेपर्यंत उभे केले असते.

म्हणजे तपासणीचा निकाल कोणताही लागला तरी तो माझ्या विरुद्धच जातो. वजन बरोबर असेल तर मी खर्च अधिक आकारला. वजन जड असेल तर मी खोटे वजन विकले. असे असूनही मी तपासणी मागत आहे, याची नोंद घ्यावी.

९. येथे एक निरीक्षण आहे, ज्याचे स्पष्टीकरण मला देता येत नाही. ते वजन माझ्या हातून पडले होते. दादाने वडिलांना सांगितले की त्याच्या हातून पडले, आणि मार त्याने खाल्ला. म्हणजे शिशाची गोष्ट जगात आज दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातला एक तो आहे. ते वजन भरवशाचे नाही हे माहीत असताना त्याने सगळी तक्रार नेमकी त्याच वजनावर का उभी केली? एक शक्यता अशी की तो विसरला. ज्याला अकरा वर्षांपूर्वीच्या पान्याचे भाडे आठवते त्याच्याबाबत ही शक्यता मी बाद करतो. दुसरी शक्यता मी येथे लिहीत नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो.

१०. पाचशेचे वजन तपासण्याची रीत सोपी आहे. पेटीतील इतर सात वजनांची बेरीज बरोबर पाचशे होते : दोनशे, शंभर, शंभर, पन्नास, वीस, वीस आणि दहा. एका पारड्यात पाचशे ठेवावे, दुसऱ्यात ही सात. अडचण एवढीच की यांपैकी सहा वजने तराजूसह वरच्या मजल्यावर आहेत आणि दहाचे वजन अद्याप विकले न गेल्याने माझ्याकडे आहे. त्याशिवाय तपासणी होऊच शकत नाही. ते टपालाने पाठवावे तर शेवटची विक्री पूर्ण होते, आणि मग वर जाण्याचे काही कारण उरत नाही. खाते बंद केले तर तेही जाणार नाही आणि मीही जाणार नाही.

माझी पत्नी हा मजकूर वाचून म्हणाली, "वीस पायऱ्या चढायला तुम्हाला बाजार लागला, टपाल लागलं, आता साहेबांची सही पण लागणार?" याचे उत्तर होय असे आहे. मी आपण होऊन जाणार नाही. दादा आपण होऊन बोलावणार नाही. दोघेही एकाच बापाचे आहोत. मात्र सरकारी असो वा खासगी, लेखी आदेश आम्ही दोघांनी आजवर कधी मोडलेला नाही.

तरी विनंती की :

(अ) अंतिम निर्णय होईपर्यंत माझे खाते चालू ठेवावे;

(आ) टपालखर्चातील फरक खरेदीदारास परत करण्याचा आदेश हवा तर आजच द्यावा, माझी हरकत नाही; परंतु तेवढ्यावर तक्रार निकाली काढू नये;

(इ) नियम १४ मधून एक वेळ सूट देऊन, दहा ग्रॅमचे वजन विक्रेत्याने स्वतः वरच्या मजल्यावर न्यावे आणि उभय पक्षांच्या समक्ष पाचशेच्या वजनाची तपासणी करावी, असा लेखी आदेश द्यावा. आदेशाची एक प्रत खरेदीदारास पाठवावी, म्हणजे दार तो उघडेल;

(ई) वेळ सकाळी अकराची ठेवावी. जुना तराजू आहे. पारडी स्थिर व्हायला वेळ घेतात. किती वेळ, हे आदेशात नमूद करू नये.

आपला नम्र आणि अद्याप चालू खात्याचा धारक,

(सही)
विक्रेता, पहिला मजला
दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१. सात पार्सलच्या पावत्यांच्या प्रती.
२. खरेदीदाराचे संदेश, तारीखवार. (एकूण त्रेचाळीस. त्यांपैकी टपालखर्चाविषयी नऊ.)
३. जिन्याचा मोजमापासह आराखडा.