हानुसच्या पोराला बोट लागते

११ ऑक्टोबर १९८७

प्रिय तुम्मास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू आणि आसा तिकडे डेन्मार्कात धडधाकट आहात असं धरून चालते, कारण दोन वर्षांत नाताळच्या कार्डाखेरीज तुमच्याकडून काही आलं नाही. तक्रार करत नाही. तो हक्क मला नाही, का ते पुढे येईलच.

इकडे बेटावर मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या. यंदा एकोणीस कापल्या, मांस खोपटात वाळत टांगलंय. बटाटे बारके निघाले. चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय आणि पाद्री दर रविवारी देवाचं सोडून त्याच्यावरच बोलतात.

त्याच चर्चमध्ये ऑगस्टात मी घोरले. म्हाताऱ्या सानाच्या अंत्यविधीला, पुढून दुसऱ्या बाकावर. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तर तिच्याच खांद्यावर कलंडले. "मारयुन, पेटीतली सानासुद्धा एवढी गाढ झोपली नव्हती गं," असं दुकानात आठवडाभर ऐकून घेतलं. मीही हसले. पण ती झोप साधी नव्हती. गवतानं अंगाला खाज सुटायची म्हणून माझ्या पाउलीला लहानपणी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आठवतात? त्या मी घेत होते. डोळा लागेना म्हणून आधी एक, मग दोन, मग दिवसाही जीव थाऱ्यावर राहीना म्हणून आणखी एक.

डबी संपली तशी शहरात औषधांच्या दुकानात गेले. आपली बाइंता असते तिथे. तिनं रिकामी डबी हातात घेतली आणि म्हणाली, "किती जणांना खाज सुटते गं तुझ्या घरात? यंदाची ही सातवी."

"तू विकायला बसलीस की मोजायला?" मी म्हटलं.

तर तिनं मला स्टुलावर बसवून शाळाच घेतली. म्हणे हे औषध फ्रान्सात निघालं, महायुद्धाच्या सुमाराला. अंगावर उठणाऱ्या गांधींवर, गळणाऱ्या नाकावर. पण घेणारे पेंगायला लागले. मग ऑपरेशनच्या आधी लोकांना शांत करायला ते वापरलं, प्रवासात मळमळतं त्यांना दिलं, आणि मग काय, आयांनी रडक्या पोरांना पाजलं. "औषध वाईट नाही, मारयुन. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं वापरलं, ते वाईट. आणि यंत्र चालवताना घेऊ नये म्हणून डबीवर पट्टी असते, ती कुठे गेली तुझ्या डबीवरची?"

मी उठले आणि बसच्या थांब्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पट्टी मी नखानं खरवडून काढत असे. प्रत्येक डबीवरची. पाउली बोटीवर जायला लागला तेव्हापासूनची सवय.

आता लिहूनच टाकते. पाउलीला बोट लागते. हानुसच्या पोराला, ज्याचा आजा नि पणजा समुद्रावरच जगले. बंदर सुटलं की पोटात ढवळायला लागायचं त्याच्या. बापाला कळू देऊ नकोस म्हणून पोरगं माझ्यापाशी रडलं. मग मी रोज सकाळी त्याच्या तळहातावर गोळी ठेवायला लागले. आधी अर्धी. शेवटी शेवटी दोन.

बोट बुडाली त्या दिवशी ऊन होतं, पाणी ताटासारखं सपाट, तरी त्यानं घेतल्या, भीतीनं. हानुस मागे मासळी साफ करत होता, पाउली सुकाणूवर होता. भर दुपारी त्याला झोप लागली आणि बोट सरळ खडकावर गेली. दोघं खडकाला चिकटून वाचले, बोट तळाशी गेली. बाहेर काढल्यावर पोरगं बोललं, "सुकाणू वळलंच नाही." आणि सगळं गाव तुझ्याकडे वळलं, कारण आठवड्यापूर्वी ते सुकाणू तूच उघडून बसवलं होतंस.

तू या स्वयंपाकघरात उभा राहून मला विचारलंस, "ताई, माझ्याकडून एखादा बोल्ट ढिला राहिला असेल का गं?" मी चहा ओतत होते. मला सगळं माहीत होतं, तुम्मास. मी म्हटलं, साखर घालू का.

मी खोटं बोलले नाही, असं तू बेट सोडून गेल्यापासून दोन वर्षं स्वतःला सांगत आले. किती सोयीचं.

सप्टेंबरात माझ्या एप्रनच्या खिशातून डबी पडली. पाउलीनं उचलली. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "आई, मला झोप लागली होती." मी म्हटलं, "माहीत आहे रे." दोघंही रडलो, पोटभर. त्याच संध्याकाळी जेवताना हानुसला सांगितलं.

हानुसनं काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेतो. तर पोराला म्हणाला, "तुला बोट लागते हे तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. मी स्वतः सहा वर्षं ओकत होतो. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो." मग माझ्याकडे वळला. "आणि तुम्माससमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

काल शनिवार, दुकानात सगळे जमले होते. पाउलीनं सगळ्यांसमोर सांगितलं, मग मी सांगितलं. दुकानवाल्या सुन्नीवानं पिशवी बांधता बांधता एवढंच म्हटलं, "तुम्मासला मी किती बोलले होते." तिचे डोळे भरले होते. तिच्यासारखे पुष्कळ आहेत इथे.

गोळ्या बाइंताच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवतेय, निम्म्यावर आले. झोप येत नाही तेव्हा उठून विणते, घरात मोज्यांचा ढीग झालाय. पाउली बापाबरोबर जातो आणि उघड उघड ओकतो. हानुस त्याला बादली देतो नि म्हणतो, "लवकर आटप, मासा हसतोय."

हानुसनं जुनी बोट घेतली आहे. तिचं सुकाणू जड जातं. तिघे मेकॅनिक येऊन गेले, हात लावू दिला नाही त्यानं. मी काही ये म्हणत नाही. माझ्या म्हणण्याला आता किंमत किती.

पण आसानं नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, की सायकलची चेन पडली तरी तू दुसऱ्याला हाक मारतोस. ते वाचून मी त्या रात्री तीन गोळ्या घेतल्या होत्या. आज अजून एकही न घेता लिहितेय: बोल्ट घट्ट होता. सगळेच घट्ट होते. तुझ्या हातांकडून काही चुकलं नव्हतं.

तू विचारलंस त्याच दिवशी जिनं हे सांगायला हवं होतं ती,
तुझी ताई
मारयुन