नारिंगीत एक हिरवा

जाकार्ता, २ ऑक्टोबर

ती. आईस सोलमीचा वाकून नमस्कार.

वि. वि. पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबा "जेवलीस का" एवढं विचारतात आणि फोन तुझ्या हातात देतात. तर जेवले. तू दिलेला किमचीचा शेवटचा डबा मात्र आम्ही पाचजणींनी बँकॉकलाच संपवला. ग्रुपमधली सगळ्यांत धाकटी युजू तर त्यातला रसही प्यायली.

अकरा शहरं झाली. काल हजारो माणसं आमची गाणी कोरियनमध्ये म्हणत होती. शब्द चुकले ते माझेच.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम २२ नोव्हेंबरला सोलमध्ये आहे. सोबत दोन तिकिटं आहेत. सात वर्षांत बाबांनी मला एकदाही रंगमंचावर पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर अजून सांगतात, मुलगी सोलला ऑफिसात असते. आई, या वेळीही ते आले नाहीत तर पुन्हा बोलवायचं धाडस मला होणार नाही. कसंही करून घेऊन ये.

माया आहेच तुझी, थोडी त्यांच्याकडूनही काढून घे.
तुझी सोलमी


सिनान, २८ ऑक्टोबर

चि. सोलमीस आईचे अनेक आशीर्वाद.

तिकिटं पोचली. तुझे बाबा म्हणाले, मिठागरात काम आहे. मिठागर बंद होऊन दोन आठवडे झाले, वाफ्यांत बगळे हिंडताहेत. तसं म्हटलं तर म्हणाले, बगळ्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

गावप्रमुखांनी पुलापाशी मोठा फलक लावलाय, 'मा गिदोंग यांची कन्या सोलमी जग गाजवून येत आहे, गावातर्फे अभिनंदन'. तुझे बाबा त्याच्याखालून जायला नको म्हणून लांबच्या वाटेने जातात. परवा वाऱ्याने एक कोपरा सुटला, तेव्हा शिडी लावून बांधला मात्र त्यांनीच.

आणखी एक. कार्यक्रमात लोक दिव्याची काठी धरतात ती कुठे मिळते, असं त्यांनी विचारलं. शेजारच्या मुलीला हवीये म्हणे. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी ते मोकपोला जाऊन आले, आणि मिठाच्या कोठारात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट ठेवलंय. मला ते दिसत नाही. यंदा हिवाळ्याची किमची घालणं मी २२ तारखेसाठी आठवडाभर पुढे ढकललंय.

तब्येतीला जप.
आई


सोल, २३ नोव्हेंबर

ती. बाबांस सोलमीचा नमस्कार.

प्रत्येक ग्रुपचा दिवा वेगळा असतो, बाबा. आमचा नारिंगी. काल सभागृहात नऊ हजार नारिंगी दिवे होते आणि एक हिरवा. हिरवा ज्या ग्रुपचा, त्यांच्या आणि आमच्या चाहत्यांत विस्तव जात नाही. कुणीतरी मुद्दाम खोडी काढायला आलंय, असं सगळ्यांना वाटलं. एक रखवालदार तुमच्या दिशेने निघाला. तेवढ्यात मोठ्या पडद्यावर मला तुमचा तो लग्नाकार्यातला सूट दिसला. बाकीचे दिवे डोलत होते, तुमचा ताठ उभा.

गाणं संपलं होतं. मी ठरलेलं आभाराचं वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "तो हिरवा दिवा विझवू नका. ते माझे बाबा आहेत." पुढच्या गाण्यातली माझी ओळ मला गाता आली नाही, युजूने सांभाळून घेतली.

नंतर आई एकटीच भेटली. तुम्ही आधीच बसमध्ये जाऊन बसला होतात म्हणे. याचा मला राग आलाय. आवडलं की नाही, एवढं तरी कळवा.

तुमची सोलमी


सिनान, २ डिसेंबर

चि. सोलमीस आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो. डोळे लाल झाले होते, तसा तुझ्यासमोर कसा येणार? म्हणून बसमध्ये गेलो.

शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीने आधी मला झापलं, "आजोबा, लाज नाही वाटत?" तू बोललीस तशी ती कमरेत वाकली आणि स्वतःचा अर्धा किंबाप मला खायला दिला. चांगला होता.

गाणं म्हणजे काम नव्हे, असं मी तुला म्हणालो होतो. दोन तास तुला बघितलं. भर उन्हात मीठ ओढताना माझा इतका घाम निघत नाही. माझं चुकलं, सोलमी.

काल मोकपोला गेलो, नारिंगी काठी घ्यायला. दुकानदाराने विचारलं, मुलीसाठी का? म्हटलं, नाही, माझ्यासाठी. मुलगी गाते.

बाबा