कुणाचाही नसलेला आवाज

४ फेब्रुवारी

माझ्या हातचं, आजपर्यंत: जिन्याखालचं कपाट. हिच्या टेबलाची गोल घासलेली कड, म्हणजे येता-जाता लागू नये. भंगारात निघालेल्या तीन मशीनमधून जुळवलेला एक कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स – कुणाला पैसे नाहीत, कुणाची परवानगी नाही. आणि त्यात आपली भाषा वाचून दाखवणारा आवाज. ४,११२ तुकडे, सगळे माझ्या घशातले, त्याच कपाटात बसून, डोक्यावर दोन रजया घेऊन भरलेले. 'ज्ञ'च्या मागे बारीक खोकला आहे, तेवढा राहिला. उच्चारांचे नियम २,३१४. 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. हिच्या बहिणीकडच्या विकतच्या सिस्टिमला हे अजून कळत नाही. मला कळलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा, कॉलेजची पायरी चढलेलो नाही.

आज हे मांडून बसलो, कारण सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं – हिचा डावा डोळा संपला. उजव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. काचबिंदूने नेलेलं परत येत नाही.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "निबंध तपासता येतील ना मला?"

म्हटलं, माझं मशीन आहे की.

११ फेब्रुवारी

हिचं काम म्हणजे घरबसल्या शिकणाऱ्या मुलांचे निबंध. एका शिक्षणसंस्थेकडून आठवड्याला चाळीस येतात. मशीन वाचतं, ही ऐकते, शेरा टाइप करते. बोटं पक्की आहेत. सव्वीस वर्षांची नोकरी.

आज हसत होती. "बारा वर्षांची मुलगी लिहिते, मी मोठेपणी नर्तिका होणार. आणि ते मला सांगताय तुम्ही."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१२ फेब्रुवारी

हेडफोनची वायर सैल झालीय. मीच सोल्डरचा डाग दिला होता. पुन्हा द्यायला हवा.

१९ फेब्रुवारी

वायर राहूनच गेली. म्हणून ही स्पीकर बारीक लावून काम करते.

आज लवकर सुटलो. दाराशी चपला काढतोय तर आत माझाच आवाज. वाटलं निबंध असेल. नव्हता. आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र ही तपासून घेत होती.

"ताई, हे वाईट नाहीत गं. पण डोळे गेल्यापासून मला जगात एकच आवाज उरलाय. बातम्या हेच वाचतात, तुझी पत्रं हेच वाचतात. तुझ्यापाशी यांचं गाऱ्हाणं करायचं तर तेही आधी यांच्याच तोंडून ऐकावं लागतं."

उच्चार एकूण एक बरोबर. 'गाऱ्हाणं'सुद्धा. त्या शब्दावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

चपला पुन्हा घातल्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

२० फेब्रुवारी

वायरला डाग दिला.

२६ फेब्रुवारी

पाच दिवस खपून आवाजाची पट्टी वर नेली. तुकडे तेच, फक्त बारीक, बाईसारखे. हिला बसवलं आणि म्हटलं, ऐक.

दोन ओळी ऐकल्या आणि हसता हसता हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे तर तुम्हीच. नाक चिमटीत धरून!"

मग हसू थांबलं. म्हणाली, "तुमच्या लिफ्टमध्ये ती एक बाई बोलते ना, दार बंद होत आहे म्हणते. तसला द्या. कुणाचाही नसलेला."

तसला फुकटचा एक होता. डब्यात खडे हलवल्यासारखा बोलायचा. माझा आला तेव्हा मीच तो काढून टाकला. हे तिला सांगितलं नाही.

"गेल्या वर्षी ते कंपनीवाले आले होते," ही म्हणाली. "तुमचे नियम घेतले असते त्यांनी, तर विकतचं मशीन तरी नीट बोललं असतं."

"कुलूप लावलं असतं त्यांनी. लोकांचं ते लोकांचं राहिलं पाहिजे."

"हो. सांगितलंत तुम्ही तेव्हा."

तेव्हा तिला माझा अभिमान वाटला होता. आज नुसतं 'हो'.

३ मार्च

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सिस्टिम अद्ययावत करतो. काल केली. चालत्या यंत्राला उगाच हात लावू नये – हे लिफ्टवर मीच नव्या पोरांना ओरडून सांगतो.

आज सकाळी मशीन मुकं. सगळं सुरू, पडदा चालू, आवाज तेवढा नाही. माझा आवाज जुन्या आवृत्तीवर बेतलेला, नवीने त्याला उभंच केलं नाही. सात वाजता दवाखान्याची लिफ्ट अडकल्याचा फोन. संध्याकाळी बघतो म्हणून निघालो. दुपारी बारापर्यंत हिचे एकतीस निबंध जायचे होते. मला ठाऊक होतं.

सहाला परतलो. टेबलावर ताईंचा लॅपटॉप, विकतच्या सिस्टिमचा. एक बाई भराभरा वाचत होती. 'चाक' चुकीचं म्हणाली. मी म्हटलं, "चुकली."

ही म्हणाली, "चुकू दे."

निबंध चारला गेले. संस्थेतून फोन आला – बाई, जमतंय ना तुम्हाला? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं कुणी.

मी म्हटलं, मी आजच दुरुस्त करतो, हे विकतचं घरात नको. ताई पदराला हात पुसत होत्या. "अहो, घर तुमचं आहे. कान तिचे आहेत."

४ मार्च

दुरुस्त झालं. पहाटे पाचला बोललं. पहिला शब्द 'ज्ञान', खोकल्यासकट.

ही आठ दिवसांसाठी ताईंकडे गेली. एक पिशवी. हेडफोनची वायर मात्र इथेच ठेवून.

१३ मार्च

आठ दिवस काल संपले.

२१ मार्च

ताईंकडे गेलो. ही खिडकीपाशी, कानात काही नाही, ती बाई मोठ्याने वाचतेय. मी दारात आहे हे हिला दिसलं नाही. किल्लीच्या भोकात मी मावत नसेन. किंवा तेही मिटलं असेल. विचारायला धजलो नाही.

वाक्यावाक्याला चुका. प्रत्येक वेळी ही ते वाक्य पुन्हा वाचायला लावते, मनाशी दुरुस्त करते, पुढे जाते. वेळ दुप्पट लागतो. ताई हळूच म्हणाल्या, "आता तीसच घेते आठवड्याला. संस्थेनेच कमी केले. चुकते ना ती बाई, त्यात वेळ जातो."

मी खाकरलो. ही लगेच म्हणाली, "आलात का?"

"मशीन छान चालतंय घरी," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. तुमचंच आहे ते. बसा, चहा घ्या."

चहा घेतला. तिने निबंध थांबवला नाही. मला बोलायचं होतं, पण त्या बाईच्या बोलण्यात फट मिळाली नाही.

२२ मार्च

घरी मशीन सुरू केलं, काहीतरी वाचायला लावलं. दोन मिनिटं. बंद केलं. दिवसभर हे!

३० मार्च

संस्थेचं पत्र. इथल्या पत्त्यावर आलं, म्हणून मीच वाचलं. जूनपासून दुसरी बाई नेमणार. 'वेग' असा शब्द आहे त्यात. तो हिला कोण वाचून दाखवणार, मी की ती लॅपटॉपमधली बाई?

२ एप्रिल

कुलपाचं मी हिला सांगितलं ते खोटं होतं. कंपनीच्या माणसाने लेखी दिलं होतं की नियम माझेही राहतील, हवे त्याला फुकट वाटायला मी मोकळा. चार महिन्यांत ते विकतच्या सिस्टिमवर आले असते. अट एकच – आवाज माझा नको, एका बाईचा नव्याने भरणार. मी नाही म्हटलं. चार लाख ऐंशी हजार रुपये देत होते.