भावोजी, चीज बंद होणार नाही

ती. भावोजींना मेहुणीचा नमस्कार. रागात असले तरी पूर्ण वाकून केला आहे.

गुडघा कसा आहे? रक्तदाब? (पुढचं वाचण्याआधी गोळी घेतलेली बरी.) ताईकडून तुमचा निरोप पोचला. मोठ्या डेअरीच्या मॅनेजरसाहेबांच्या मेहुणीने गल्लीतली माणसं जमवून चीज करावं हे शोभत नाही, आणि गवळीणकाकूंनी आम्हाला दूध घातलं तर कंपनी त्यांचं उरलेलं दूधही घेणार नाही म्हणे. ऐकून माझं डोकंच फिरलं. काकूंचं दूध कवडीमोलाने घ्यायचं आणि त्याचंच चीज त्यांच्याच गल्लीत त्यांना परवडणार नाही अशा भावाने विकायचं, हे मात्र शोभतं वाटतं!

आमची फजिती तुमच्या कानावर गेलीच असेल, तर ती माझ्याच तोंडून ऐका. बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत (साबणाचा वास अजून जात नाही) आम्ही पहिली मोठी चकती कापडात गुंडाळून मुरायला ठेवली. ती रोज उलटावी लागते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात. आता आम्ही भागीदार आठजण, आणि आमचा पहिला नियमच असा की काम सगळ्यांना समान. गणिताचे मास्तर (निवृत्त झाले, पण हजेरी घ्यायची खोड गेली नाही) रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करायचे. प्रत्येकाने पुढे यायचं, चकती एकदा उलटायची आणि बाजूला व्हायचं. कुणावर अन्याय म्हणून नाही! महिन्याने कापड सोडलं तर वरची बाजू विटेसारखी टणक आणि खालची हिरवी, गिळगिळीत. आठ वेळा उलटलेली चकती पुन्हा होती तशीच बसते, हे खुद्द मास्तरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसलो.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या गाईंचं दूध होतं ते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुन्हा लावा. दूध मी घालते. बघू कोण अडवतं ते." मला रडूच आलं, भावोजी. जिचं सगळंच जाऊ शकतं ती बाई मागे हटत नाही, आणि मी तुमच्या निरोपाला भिऊ?

तर दुसरी चकती गेल्या आठवड्यात लावली आहे. रोज एकाने घरी बसावं असं मी सुचवून पाहिलं, पण घरी बसायला कुणी तयार नाही. रांग लागते ती लागतेच. तुमच्या कंपनीला काय करायचं ते करू दे, आम्ही कुणापुढे हात पसरणार नाही.

तुमची, कुणाचं न ऐकणारी,
मेहुणी

ता. क. बरं, पसरते. काकूंचं दूध घ्यायचं की बंद करायचं हे तुम्हीच ठरवणार आहात असं कळलं. राग आमच्यावर काढा, त्यांच्यावर नको. एवढं ऐका.

आणखी एक ता. क. आठाचा घोळ मिटला आहे, नववी भागीदार मिळाली. गेल्या आठवड्यापासून सकाळचा चहा तुमचा तुम्हाला करावा लागतोय ना? ताई आमच्या रांगेत शेवटी उभी असते. काकूंचं दूध बंद झालं तर रात्रीच्या जेवणाचंही तुमचं तुम्ही बघा, असा तिचा निरोप आहे. या वेळी तो मी पोचवते आहे.